मज्जारज्जूची जखम आणि रक्तातले पहारेकरी

स्वारगेट म्हणजे पुणे शहराचे दक्षिणेकडचे दार. एस.टी.चा स्टँड, शहर बसचा डेपो, रिक्षांच्या रांगा, २०२४ पासून जमिनीखालून धावणारी मेट्रो, आणि जवळच गुलटेकडीचे मार्केट यार्ड. या परिसरात पहाटेपासून राबणारा हमाल, बिगारी, गवंडी, रंगारी, रिक्षावाला, क्लीनर हा आपल्याच वस्तीतला माणूस आहे. त्याच्या शरीरात सर्वात जास्त कष्ट पाठीचा कणा उपसतो आणि सर्वात कमी काळजी त्याच कण्याची घेतली जाते. परांचीवरून पाय घसरतो, ट्रकच्या फाळक्यावरून माणूस उलटा पडतो, दुचाकी दुभाजकावर आदळते, आणि कमरेखालचे अंग लुळे पडते. घरातला कमावता माणूस खाटेला लागतो आणि त्याच्यामागे सारे घर.

अशा घरांत अलीकडे एका इंजेक्शनची चर्चा असते. "आपल्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्या तयार करून पाठीत सोडायच्या, की मेलेल्या नसा जिवंत होतात," असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतो. अर्ज लिहून घेण्यासाठी आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाने असाच छापील कागद दाखवला. खर्च लाखांच्या घरात होता आणि मुलाचे वडील गावाकडची जमीन विकण्याच्या तयारीत होते. आम्ही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेले कारकून आहोत. परंतु जमा किती, खर्च किती, हे तपासणे आमचे रोजचे काम आहे. म्हणून या विषयाची माहिती जाणकारांकडून घेतली आणि प्रसिद्ध झालेले आकडे पाहिले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जखम दोनदा होते

पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूची एक जाड दोरी खाली उतरते. तिला मज्जारज्जू म्हणतात. शाळेच्या पुस्तकात मेरुरज्जू असेही नाव आढळते. जाडी करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. हिच्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. पाय उचल हा मेंदूचा हुकूम याच दोरीतून खाली जातो आणि पायाला चटका बसला ही खबर याच दोरीतून वर येते. मानेजवळ इजा झाली तर हातपाय दोन्ही जातात. पाठीत झाली तर कमरेखालचा भाग जातो, आणि लघवी व शौचावरचा ताबाही सुटतो.

मणका मोडला किंवा सरकला की त्याचा दाब या दोरीवर येतो. त्या क्षणी काही चेतापेशी मरतात. ही पहिली जखम. ती कोणालाच टाळता येत नाही, कारण डॉक्टर भेटेपर्यंत ती होऊन गेलेली असते.

दुसरी जखम नंतर होते. सूज येते, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, मेलेल्या पेशींतून सांडलेली द्रव्ये शेजारच्या धडधाकट पेशींना मारू लागतात. चाळीतल्या एका खोलीला आग लागावी आणि ती भिंतीला भिंत धरून पसरत जावी, तसा हा प्रकार असतो. तो काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे चालतो. आणि इथेच आशेला जागा आहे. पहिल्या धक्क्यात वाचलेल्या पेशी दुसऱ्या जखमेतून वाचवता आल्या, तर थोडी हालचाल, थोडी संवेदना राहू शकते. बोटांची पकड राहिली तर माणूस स्वतःच्या हाताने जेवतो. एवढ्याशा फरकाने घरातल्या एका बाईची नोकरी वाचते, एका मुलीची शाळा वाचते.

पहारेकरी की दंगेखोर?

आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत. जंतू शिरला, काटा रुतला की त्या धावून येतात. त्यांतल्या भक्षक पेशी घाण खाऊन जागा साफ करतात. टी-पेशी आपले कोण आणि परके कोण हे ओळखून पुढची कारवाई ठरवतात. मज्जारज्जूला इजा झाली की तिथल्या स्थानिक पेशी काही तासांतच जाग्या होतात, आणि पुढच्या दिवसांत रक्तातल्या पेशी येऊन दाखल होतात.

बराच काळ डॉक्टरांचे मत असे होते की या पेशी इथे दंगा करतात, सूज वाढवतात, चांगल्या पेशींचेही नुकसान करतात. म्हणून त्यांना दाबून टाकणे हाच उपाय. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपघातानंतर आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा मोठा डोस दिला तर थोडा फायदा होतो, असे त्यात म्हटले होते. जगभर तो डोस सुरू झाला. पुढे शंका वाढल्या, कारण जंतुसंसर्गाला आणि पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण मिळत होते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी हा डोस देऊ नये अशी शिफारस केली. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या दुसऱ्या एका गटाने, आठ तासांच्या आत असेल तर डॉक्टरांनी विचार करावा, असे म्हटले. म्हणजे या औषधाचा निर्णय डॉक्टरांचा आहे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते मागू नये.

याच काळात इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतील संशोधिका मिखाल श्वार्ट्झ यांनी उलटा प्रश्न विचारला. हाताची कापलेली नस पुन्हा वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. मग मज्जारज्जूतली का वाढत नाही? त्यांचे म्हणणे असे की हाताच्या नसेत भक्षक पेशी लवकर पोहोचतात, जुना कचरा उचलतात आणि वाढीला वाट करून देतात. मज्जारज्जूत हे काम नीट होत नाही. तिथे पहारेकरी जास्त झाले असे नसून योग्य पहारेकरी वेळेवर पोहोचत नाहीत. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने मज्जारज्जू तोडलेल्या उंदरांत तयार केलेल्या भक्षक पेशी सोडल्या, आणि काही उंदरांच्या मागच्या पायांत थोडी हालचाल परत आली. १९९९ मध्ये त्यांनी आणखी धाडसाची गोष्ट मांडली. शरीराच्या स्वतःच्याच चेतातंतूंना ओळखणाऱ्या ज्या टी-पेशी एरवी आजार निर्माण करतात, त्याच जखमेच्या वेळी मर्यादेत राहिल्या तर चेतापेशींचे रक्षण करतात, असे त्यांना उंदरांत दिसले.

यावर वाद झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी तशाच पेशींचा प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या उंदरांचे नुकसान वाढले. तीच पेशी एका ठिकाणी रक्षण करते आणि दुसऱ्या ठिकाणी नाश, याचा अर्थ तिचे काम वेळेवर, प्रमाणावर आणि भोवतालच्या स्थितीवर अवलंबून आहे.

माणसांवरच्या चाचणीचा हिशेब

उंदरांकडून माणसांकडे हे प्रकरण लवकरच आले. रुग्णाचे रक्त काढायचे, त्यातल्या भक्षक पेशी वेगळ्या करायच्या, त्याच रुग्णाच्या कातडीच्या तुकड्यासोबत ठेवून त्यांना कामाला तयार करायचे, आणि अपघातापासून चौदा दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून मज्जारज्जूच्या जखमेच्या कडेला त्या सोडायच्या. पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. पूर्ण लुळे पडलेल्या ८ रुग्णांपैकी ३ जणांत थोडी हालचाल परत आली. वर्तमानपत्रांत मोठी बातमी होण्यासाठी एवढे पुरेसे होते.

परंतु हिशेब तपासणारा माणूस इथे एक प्रश्न विचारील. ज्यांना हे उपचार दिले नाहीत, त्यांचे काय झाले? कारण पूर्ण लुळे पडलेल्यांपैकी काहींमध्ये आपोआपही सुधारणा होते. जमेची बाजू एकटी पाहून ताळेबंद होत नाही. म्हणून दुसरी, मोठी चाचणी झाली. त्यात ४३ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. २६ जणांना पेशी दिल्या, १७ जणांना नेहमीचेच उपचार. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी दिलेल्या २६ पैकी ७ जणांत एक श्रेणी किंवा त्याहून जास्त सुधारणा झाली, म्हणजे २७ टक्के. पेशी न दिलेल्या १७ पैकी १० जणांत झाली, म्हणजे ५९ टक्के. संख्याशास्त्राच्या नियमाने हा फरक निश्चित मानण्याच्या थोडा अलीकडेच राहिला. म्हणून पेशींनी नुकसान केले असे ठामपणे म्हणता येत नाही. पण फायदा झाला असे तर मुळीच म्हणता येत नाही.

वाचकहो, हा आकडा लक्षात ठेवा. "परदेशात आठातले तीन उठून बसले" असे सांगणारे भेटतील. "सव्वीस आणि सतरा" हा पुढचा हिशेब ते सांगणार नाहीत.

संशोधन तिथे थांबलेले नाही. श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली शिकलेले जोनाथन किपनिस अमेरिकेत सेंट लुइस येथे काम करतात. २०२४ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवरचा नवा प्रयोग प्रसिद्ध केला. जखमेच्या जागी जमलेल्या टी-पेशींपैकी उपयोगी कोणत्या हे त्यांनी शोधले, आणि तशा पेशी अशा रीतीने बनवल्या की त्यांची ती ओळख थोड्या काळाने आपोआप पुसली जावी. म्हणजे रक्षण करून झाले की पहारेकऱ्याने हत्यार खाली ठेवावे. उंदरांची चाल सुधारली. ही चांगली बातमी आहे, पण ती उंदरांची आहे.

कागदावर सही करण्यापूर्वी

त्या कुटुंबाने आणलेल्या कागदावर भक्षक पेशींचे नाव नव्हते. तिथे "स्टेम सेल" असे लिहिले होते. या वेगळ्या पेशी आहेत. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे मान्य प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर केवळ मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि उपचार म्हणून त्याची विक्री करता येत नाही. मज्जारज्जूची इजा त्या मान्य यादीत नाही.

म्हणून तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदलेली आहे काय, आणि तिचा क्रमांक कोणता? नैतिक समितीची मंजुरी कुठे आहे? आणि चाचणी असेल तर आमच्याकडून पैसे का घेता? चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे; उलट त्याच्याकडूनच लाखो रुपये उकळणे हा व्यापार झाला. आम्ही त्या कुटुंबाला हेच प्रश्न लिहून दिले. उत्तरे मिळाली नाहीत. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.

आज हाती असलेला उपाय: पहिला तास

पेशींचे औषध नाही म्हणून हात जोडून बसायचे कारण नाही. चेतापेशी वाचवण्याचे पहिले काम रुग्णालयाच्या आधी, रस्त्यावर होते. अपघात झाला की आपली माणसे धावून जातात हे आपल्या वस्तीचे भूषण आहे. पण धावून जाऊन काय करतात? एकाने काखेत धरले, दुसऱ्याने पाय धरले, माणूस मधोमध वाकवला आणि रिक्षात कोंबला. मोडलेला मणका त्या वाकण्यात मज्जारज्जूवर आणखी रुततो. पहिल्या धक्क्यात वाचलेल्या पेशी आपणच प्रेमापोटी मारतो.

म्हणून हे नियम घरातल्या सर्वांना शिकवावेत. उंचावरून पडलेला, वाहनाने उडवलेला, मान किंवा पाठ दुखते म्हणणारा, हातपाय बधिर झाले असे सांगणारा माणूस हलवू नये. त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. श्वास चालू आहे की नाही ते आधी पाहावे. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे तसेच स्थिर धरावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. आग, पाणी किंवा धावती वाहने यांमुळे हलवणे भागच असेल, तर डोके, मान, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम उचलावे, आणि फळीवर किंवा दाराच्या फळकुटावर ठेवावे. मानेच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावाव्यात. यात आपले हमाल बांधव इतरांचे गुरू होऊ शकतात. जड नग उचलताना एकाच्या हुकमावर सगळ्यांनी एकदम जोर लावायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको. इथेही तोच नियम आहे. हुकूम डोके धरणाऱ्याने द्यायचा.

पोलिसांच्या भीतीने मागे राहू नये. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीत ते संरक्षण आले. रस्ता अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार देण्याची केंद्र सरकारची योजना मे २०२५ मध्ये जाहीर झाली आहे. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेल्यावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारावे.

वेळेची किंमतही आकड्यांत सांगता येते. मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्या ३१३ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून दाब काढलेल्यांपैकी १९.८ टक्के रुग्णांत सहा महिन्यांनी दोन श्रेणींची सुधारणा दिसली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हा आकडा ८.८ टक्के होता. ज्या कुटुंबाचे दोन दिवस या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जाण्यात गेले, त्याचे नुकसान यावरून समजावे.

खाटेवरची लढाई

मज्जारज्जूला इजा झाली की रोगप्रतिकार शक्तीही कमकुवत होते, कारण तिच्यावरचा मेंदूचा ताबाही याच दोरीतून जातो. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पाठीला आणि माकडहाडाला पडणाऱ्या जखमा यांतून रुग्ण दगावतो. २०१२ मध्ये चौदाशेहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की सुरुवातीच्या दिवसांत न्यूमोनिया किंवा जखमेचा संसर्ग झालेल्यांच्या चेतासंस्थेची सुधारणाही कमी झाली. तेव्हा रुग्णाला संसर्गापासून जपणे म्हणजे त्याच्या चेतापेशींना जपणे आहे. हे काम लाखांचे नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, रोज पाठ, टाचा आणि नितंब उजेडात तपासणे, कातडी लाल दिसली तर त्या जागेवर भार न देणे, लघवीची नळी डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे स्वच्छ हाताने ठरल्या वेळी लावणे, छातीचा व्यायाम करून घेणे. आई, बायको किंवा बहीण एकटीने हे करू शकत नाही. रात्रीच्या पाळ्या घरातल्या पुरुषांनी आणि तरुण मुलांनीही वाटून घ्याव्यात.

हे काम किती मोलाचे आहे, ते इंग्लंडमधल्या डॉ. लुडविग गटमन यांनी दाखवले. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या या ज्यू डॉक्टरने १९४४ मध्ये स्टोक मँडेविल येथे पाठीच्या इजेचा विभाग सुरू केला. त्यापूर्वी असे रुग्ण थोड्याच महिन्यांत मरतात असेच मानले जाई. दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त त्यांनी बसवली, आणि रुग्णांना खेळायला लावले. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या.

त्या स्पर्धेत भारताचे पहिले सुवर्णपदक आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी आणले. १९६५ च्या युद्धात या जवानाला गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात राहिली आणि कमरेखालचे अंग गेले. आधी ते मुष्टियोद्धे होते. मग ते पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी विक्रम केला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या पुण्यातच, खडकी येथे, १९७४ पासून अशा जखमी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. खुर्चीतला माणूस कामाचा राहत नाही असे म्हणणाऱ्यांना हे केंद्र दाखवावे.

हक्काचे कागद

जवानाच्या मागे सैन्य उभे राहते. बिगाऱ्याच्या मागे कोण? त्याच्यामागे कागद उभे करावे लागतात, म्हणून ते आधीच तयार ठेवावेत. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्याने बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करावी. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्याची नोंदणी घ्यावी. कामावर इजा झाली तर भरपाई मागण्याचा हक्क १९२३ पासून कायद्याने दिला आहे. अपघाताची नोंद त्याच दिवशी लेखी करून घ्यावी. मुकादमाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाला की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे फायदे मागता येतात. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत. रुग्णालयाचा प्रत्येक कागद एका फाइलीत लावून ठेवावा.

आमची वस्तीतल्या मंडळांना एक विनंती आहे. एखाद्या रविवारी समाजमंदिरात दोन तास काढावेत. जवळच्या डॉक्टरांना किंवा १०८ च्या कर्मचाऱ्यांना बोलवावे. एका तरुणाला जमिनीवर झोपवून, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी कसे उचलायचे ते सर्वांनी स्वतः करून पाहावे. एक सहा फुटी फळी आणि चार पट्टे समाजमंदिराच्या कोपऱ्यात कायमचे ठेवावेत. फळी कुठे आहे हे वस्तीतल्या लहान मुलांनाही ठाऊक असावे.